बोर्डिंगचा धूर

थांबा, आधी चहाची बशी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या मेहुण्याच्या नाकातून एकदा गरम चहा बाहेर आला होता, तेव्हापासून मी कुणाला चहा पिता पिता सांगत नाही. फजिती काय, सगळ्यांचीच होते. पण स्वतःच्या फजितीची दवंडी स्वतःच कर्ण्यावरून देणारा माणूस पाहिलाय कधी तुम्ही? नसेल, तर नीट पाहून घ्या. समोरच बसलाय.

नव्वदीतली गोष्ट. भवानीनगरच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला, चारी बाजूंनी ऊस आणि मधे आमची शाळा. शाळेला लागून मुलांचं बोर्डिंग. मी विज्ञान शिकवायचो आणि बोर्डिंगही सांभाळायचो. स्वयंपाकाला होत्या द्वारकामावशी. बाभळीची लाकडं, तुराट्या, वरून उसाची ओली पाचट, असा सगळा जाळ. स्वयंपाकघराच्या कौलांतून सकाळी जो धूर निघायचा, तो पार पलीकडच्या वस्त्यांवरून दिसायचा.

मावशी त्या धुरात दिवसभर. डोळे लाल, आणि खोकला तर असा की आमटी ढवळता ढवळता पळी टाकून बाहेर यायच्या. मी आपला दारात उभा राहून रोज सल्ला द्यायचो, "मावशी, डोळे चोळू नका. जास्त झोंबतं. पाणी मारा."

मावशी म्हणायच्या, "सर, तुमी एक दिस बसून बघा हितं, मंग सांगा मला."

शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं. धूर बंद करा, नाहीतर यांचं काम बंद करा.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आबा. वांग्या-दोडक्याचे मोठे बागायतदार, स्वभावाने फणसासारखे. ते म्हणाले, "बाईचा जीव घालवून मला पोरं जेवू घालायची न्हाईत. सर, दुसरी बाई बघा."

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी पळी आपटली. "दुसरी? माझ्या पोरांना दुसरी कोण वाढणार? कुठल्या पोराला तिखट सोसत न्हाय, कोण भाताखाली भाजी लपवतंय, ठाव हाय का तिला?"

आता सांगा, अशा वेळी विज्ञानाच्या शिक्षकाने गप्प बसायचं? मी छाती पुढे काढली. म्हटलं, "आबा, मावशी जाणार नाहीत. धूर जाईल! विजेवर स्वयंपाक करू."

बारामतीच्या एमआयडीसीत माझा एक मित्र जळालेल्या मोटारींच्या कॉइल भरायचं काम करायचा. दिलीप त्याचं नाव. त्याला गाठलं आणि त्याच्याकडून लोखंडी अँगलची एक दणकट शेगडी बनवून घेतली. दोन तोंडांची, आत मातीच्या जाड प्लेटा, प्लेटांत कॉइल. थ्री-फेजवर चालणारी. वर भाताचं मोठं पातेलं ठेवून दोन माणसं उभी राहिली तरी हलायची नाही.

आबांनी शेगडीभोवती एक चक्कर मारली. काठीने तिला टोचून पाहिलं. "आमटी-भात होईल ओ. पर विजेवर भाकरी फुगत न्हाय."

"फुगणार, आबा."

"फुगली तर शेगडी ऱ्हाईल, मावशी बी ऱ्हाईल. न्हाय फुगली, तर दोघींला बी निरोप. उद्या वांगी मार्केटला टाकतो आन् थेट पंगतीला येतो."

झालं! मावशींची नोकरी आता एका भाकरीच्या पापुद्र्यावर आली.

आता खरी अडचण ऐका. आमच्याकडचं व्होल्टेज! सकाळी सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला बल्ब असा व्हायचा की तो लागलाय की नाही हे हात लावून बघावं लागायचं. त्यात आमची शेगडी काय तापणार? तेव्हा मी ठरवलं, आसपासच्या वस्त्यांना विनंती करायची, उद्या सकाळपुरत्या मोटारी बंद ठेवा.

इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं, बरं का! इथेच थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

पण मला हौस भारी. शेगडीची गोष्ट आधीच फुटू नये, उद्या यशस्वी झाल्यावरच गावाचे डोळे दिपवावेत, असं माझ्या मनात आलं. शेगडी टेम्पोतून उतरवली ती पोत्यांखाली झाकून. पोरांना ताकीद दिली, कुणी बाहेर बोलायचं नाही. आणि संध्याकाळी सायकल काढून वस्त्या-वस्त्यांवर गेलो. गॅदरिंगच्या नाटकात बापाचं काम करत आलेला माणूस मी! आवाज खाली आणला, मान थोडी कलती केली आणि प्रत्येकाला एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी मोटारी बंद ठेवा. पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. आज याहून जास्त विचारू नका."

लोक एकदम गंभीर व्हायचे. मला वाटायचं, काय परिणाम साधतोय आपण!

फक्त पोपटराव अडले. त्यांचा ऊस आमच्या कुंपणाला लागून. हातात कायम फावडं, झोपतानाही उशाला घेत असतील. "जय भीम, सर. आवो पर उद्या माझी पाण्याची पाळी हाय की!"

"पोपटराव, पोरांच्या पोटाचा…"

"ते झालं. पर ऊस वाळला तर आणून तुमच्या दारात टाकीन, आधीच सांगतो!" मग जरा थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं, ठेवतो बंद. जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं. आणि काय सांगू, कॉइल अशी लालबुंद झाली की पोरांनी टाळ्या पिटल्या! सगळ्या शिवारात मोटारींचा आवाज नव्हता. पाखरं ऐकू येत होती. मावशी मात्र शेगडीसमोर अवघडून उभ्या. हातात सवयीने घेतलेली फुंकणी.

"सर, फुंकू कुठं?"

"फुंकायचं नाही, मावशी. तेच तर विज्ञान आहे!"

मावशींनी फुंकणी काखेत धरली, आमटीचं पातेलं चढवलं, मग भाताचं. बघता बघता आमटीला उकळी फुटली. मावशी मधूनच माझ्याकडे बघून हसत होत्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांचे डोळे मुळात पांढरे आहेत हे मला त्या सकाळी कळलं.

मी शाळेच्या गच्चीवर गेलो. कशाला? कौलांवर धूर नाही हे पाहायला! कमरेवर हात ठेवले. निळं आभाळ, हिरवा ऊस, मधे आपलं बिनधुराचं बोर्डिंग. मनातल्या मनात मी एक छोटंसं भाषणही सुरू केलं. "अध्यक्ष महाराज, गुरुजनवर्ग आणि…"

आणि माझी नजर कॅनॉलकडे गेली.

कॅनॉलच्या भरावावरून माणसं येत होती. एक-दोन नाही, वस्तीच्या वस्ती! सगळ्यांच्या पुढे पोपटराव, खांद्यावर फावडं. त्यांच्यामागे काठ्या घेतलेली म्हातारी माणसं. आणि मागे बायका. प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं.

पोपटरावांचे शब्द कानात घुमायला लागले, दारात आणून टाकीन! पाळी हुकली, ऊस तहानला, आणि हे लोक आता माझा हिशोब करायला निघाले. पाट्यांत काय असणार? दगड! दुसरं काय? आणि झाकून आणलेत, म्हणजे बघा, किती विचार करून आलेत!

तुम्ही म्हणाल, सर, दगड मारायला निघालेल्या बायका दगडांवर फडकं कशाला टाकतील? आता मलाही तेच वाटतं. पण घाबरलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

मी जिना उतरलो तो शेवटच्या पायऱ्या सोडूनच. फाटकाला कडी घातली. ऑफिसात गेलो, प्रार्थनेचा माइक हातात घेतला. आमचा कर्णा जुना असला तरी आवाज पार कॅनॉलपलीकडे जायचा.

"शेतकरी बंधू-भगिनींनो!" माझा आवाज असा थरथरत होता की कर्णाही सोबतीला कापत होता. "मी तुमचा गुन्हेगार आहे! तुमचं पाणी मी अडवलं! पण रागाच्या भरात काही करू नका! हातातलं खाली ठेवा! मोटारी चालू करा! आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी मोटारी चालू करा!"

भरावावरची माणसं जागच्या जागी थबकली. पण जी मागे विहिरींवर राहिली होती, ती काय कुणाची वाट बघतात? आधी पोपटरावांच्या विहिरीवर घर्रर्र झालं. मग तिच्या पलीकडे. मग सगळीकडे. साऱ्या शिवाराने एकदम स्टार्टर दाबला.

स्वयंपाकघरातून मावशींची हाक आली, "सर! आवो शेगडी काळी पडली!"

पळत जाऊन बघतो, तर लालबुंद कॉइलचा रंग वांग्यासारखा झालेला. आमटी झाली होती. पण भात? अर्धा कच्चा. शीत हातात घेऊन दाबलं, तर मऊ व्हायच्या ऐवजी बोटालाच लागलं. आणि भाकरीचा तवा तर अजून चढलाही नव्हता.

तेवढ्यात फाटकावर फावड्याचा दांडा वाजला. "सर, कडी काढा!"

"आधी दगड खाली ठेवा!" मी आतून ओरडलो.

"कसलं दगड?"

"पाट्यांतले!"

मग पोपटरावांच्या बायकोचा आवाज आला. "आगं बया! उभ्या जल्मात माझ्या भाकरीला कुणी दगड म्हणलं न्हवतं!"

मी कडी काढली. पाट्यांवरची फडकी बाजूला झाली. भाकऱ्या! चवडच्या चवड भाकऱ्या. पिठलं, ठेचा, दोडक्याची भाजी, एका पाटीत तर काकवीची किटली.

"हे काय, पोपटराव?"

पोपटराव माझ्यावरच चिडले. "काय म्हंजी? रोज तुमच्या बोर्डिंगचा धूर निघाला की आमी न्याहारी सोडतो. आज बघतोय, बघतोय, धूरच न्हाय! काल तुमी पडल्या तोंडानं सांगून गेलात, पोरांच्या पोटाचा प्रश्न हाय, विचारू नका. मंग आमी काय समजायचं? आमच्या वस्तीवर कळलं, चूल पेटली न्हाय. पुढच्या वस्तीवर गेलं तवर धान्य संपलं. कॅनॉलपलीकडं तर मावशीच गेली!"

"कुठे गेल्या?"

पोपटरावांनी वर बोट दाखवलं.

त्याच वेळी मावशी काखेत फुंकणी धरून ओट्यावर आल्या. गर्दीच्या मागे एक म्हातारी डोळ्याला पदर लावून उभी होती, तिने किंकाळीच फोडली. "आगं, ही तर जित्ती हाय!" आणि मावशींना मिठी मारून ती आधीपेक्षा जोरात रडायला लागली.

हसावं की रडावं मला कळेना. ज्यांच्यापासून लपायला मी कडी घातली होती, त्यांनी पाण्याची पाळी सोडून माझ्या पोरांसाठी भाकऱ्या थापल्या होत्या. आणि मी त्यांना कर्ण्यावरून सांगत होतो, हातातलं खाली ठेवा!

पंगत बसली. पोरांची तर दिवाळीच. पिठल्यावर आमटी, आमटीवर काकवी, कुणाला काही सांगायची सोय नव्हती. भाताचं पातेलं मी कोठीत नेऊन झाकलं. आबा कुठल्याही क्षणी येणार. त्यांना काय सांगायचं? शेगडी नापास म्हणजे मावशींना निरोप.

एवढ्यात आलेच आबा. वांगी मार्केटला टाकून थेट. धुळीने भरलेले, भुकेने कावलेले. पंगतीकडे पाहिलं, "झाला म्हणायचा स्वयंपाक!"

"पोरं जेवतायत की, आबा," मी म्हणालो. यात काही खोटं होतं का? नव्हतं!

आबा पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले. त्यांच्या पानात भाकरी पडली. त्यांनी ती उचलली, पापुद्रा सोडवला, वास घेतला. "आरं वा! फुगली की!" मग माझ्याकडे पाहिलं. "ही तुमच्या शेगडीवरची?"

आता बघा, इथे मला खरं बोलायची संधी होती. चांगली मोकळी संधी. पण समोर मावशी उभ्या होत्या, आणि माझ्या तोंडातून शब्द निघून गेले. "म्हणजे काय, आबा! वीज आहे ती! विजेची धग कशी, चहूबाजूंनी सारखी लागते. त्यामुळे पिठातल्या पाण्याची वाफ एकाच वेळी होते आणि भाकरी फुगते. लाकडाच्या जाळावर असं होणं शक्यच नाही!"

पोपटराव खोकले. पोरं ताटात तोंडं खुपसून हसायला लागली. मावशी मला मागून फुंकणीने ढोसत होत्या. पण मी आता वर्गातच होतो, मला कोण थांबवणार? "या भाकरीला बघा, आबा, धुराचा वाससुद्धा नाही!"

आबांनी भाकरी सावकाश चावली. मग शेजारच्या पाटीतलं फडकं उचललं, उलगडलं आणि उजेडाला धरलं. त्याला मधे एक काळ्या कडेचं भोक होतं.

"सर, शेगडी भाकरी करती, मान्य. पर ह्यो माझ्या धोतराचा तुकडा बी ती शेगडीच विणती व्हय? ह्ये भोक माझ्या विडीचं हाय. घरच्यांनी दोन दिवस बोलणं बंद केलं हुतं ह्या भोकापायी."

सगळी पंगत खदखदून हसली. आबांच्या घरूनही पाटी आली होती, आणि ती कुणाच्या डोक्यावरून आली हे बघायचं भान मला कुठलं असायला? मी चपलांकडे बघत उभा राहिलो.

मावशी पुढे झाल्या. आमटीची वाटी आबांसमोर ठेवली. "आबा, ही चाखा. ही शेगडीवरची हाय, पोरांची आण."

आबांनी भुरका मारला. पुन्हा मारला. "चांगली झालीया. मंग भाताला काय झालं?"

"भाताला सर झाले," मावशी म्हणाल्या.

आणि पोपटरावांनी सगळं सांगितलं. कर्णा, गुन्हेगार, दगड, सगळं. माझ्या आवाजाची नक्कलही केली, थरथरीसकट. आबा हसता हसता पार आडवे झाले. डोळे पुसत उठले आणि मग एकदम मावशींच्या तोंडाकडे बघायला लागले.

"द्वारका, तू आज खोकली न्हाईस."

"धूरच न्हाय, तर खोकू कशाला?"

आबांनी वाटीतली उरलेली आमटी संपवली. मग म्हणाले, "शेगडी ऱ्हाईल. मावशी बी ऱ्हाईल. भाकरी फुगंल तवा फुगंल."

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी धुराचं नव्हतं. पोरांनी ताटं वाजवून नुसता गोंधळ घातला.

"आन् सर?" पोपटरावांनी विचारलं.

"सर बी ऱ्हाऊ द्यात. पर तेवढा कर्णा काढून घ्या त्यांच्याकडनं."

तुम्हाला वाटेल, संपला किस्सा. नाही हो! पोपटराव म्हणाले, "आबा, स्वयंपाक हुईस्तवर आमी रोज मोटारी बंद ठिवू, त्याची काळजी नगं. पर चालू कवा करायच्या? आन् न्याहारी कवा सोडायची? आमाला धूर दिसाय पायजे. धूर हाय तवर मोटारी बंद. धूर थांबला की चालू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं. वस्तीवर घड्याळं होती, पण बोर्डिंगच्या धुराएवढा भरवसा कुणाचा त्यांवर नव्हता.

"पर धूर करायचा कुणी?" आबा म्हणाले. "मावशीला धुरात बसवायची न्हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अगदी पोरंसुद्धा.

तर मंडळी, दुसऱ्या दिवसापासून असं सुरू झालं. आत लालबुंद शेगडीसमोर मावशी गाणं गुणगुणत भात शिजवायच्या. भाकरीही फुगायला लागली, आबांनी येऊन खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. आणि बाहेर, कुंपणाशी, बिनधुराच्या स्वयंपाकघराचा पुढारी ओली पाचट पेटवून, तिच्यासमोर उकिडवा बसून, विजेच्या शेगडीला पुरेसं व्होल्टेज मिळावं म्हणून धूर काढत असायचा! स्वयंपाक झाल्याची आतून मावशींची हाक आली की पाचटीवर पाणी ओतायचं, की लगेच साऱ्या शिवारात मोटारी सुरू. गावाला सवय होईपर्यंत करायचं असं ठरलं होतं. गावाला सवय झाली. धुराची!

एकदा वारा फिरला आणि सगळा लोट माझ्या तोंडावर आला. खोकून खोकून माझा जीव अर्धा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. मी दोन्ही मुठींनी डोळे चोळतोय, तेवढ्यात मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मावशी. डोळे स्वच्छ, हातात माझा चहा.

"सर, डोळं चोळू नका. जास्त झोंबतं. पाणी मारा."

मग चहा खाली ठेवला आणि काखेतली फुंकणी काढून माझ्या हातात दिली.

"आन् ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला काय आता लागत न्हाय."